३७७ मतांची आमदारकी

नवी मुंबईतील बेलापूरच्या आमदार मंदा म्हात्रे यांचा राजकीय प्रवास नीट मांडला जावा, असे मला मनापासून वाटते. राष्ट्रवादीत विधान परिषदेपर्यंत पोहोचलेल्या मंदाताईंनी २०१४ मध्ये भाजपकडून थेट गणेश नाईकांनाच आव्हान दिले आणि सुमारे दीड हजार मतांनी हरवले. नाईकांच्या शब्दावर चालणाऱ्या या शहरात हे घडले! पुढे २०१९ मध्ये नाईकच भाजपमध्ये आले, तरी बेलापूर ताईंकडेच राहिले. २०२४ मध्ये समोर विरोधी पक्षाकडून नाईकांचे चिरंजीव संदीप होते, आणि ताई अवघ्या ३७७ मतांनी निवडून आल्या. नवी मुंबई उभारण्यासाठी सिडकोला जमिनी दिलेल्या गावकऱ्यांनी गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न त्या लावून धरतात. पक्ष कोणताही असो, हे काम मला मोलाचे वाटते. पण अशा महिलांना आपल्याकडे सर्वोच्च पद मिळते का? तमिळनाडूने जानकी रामचंद्रन आणि जयललिता अशा दोन महिला मुख्यमंत्री पाहिल्या. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राने अद्याप एकही नाही. २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी फक्त २१ महिला आमदार झाल्या. पक्षांनी आता महिलांना जिंकण्याजोगे मतदारसंघ द्यावेत, आणि मतदारांनी तो आग्रह धरावा.