हरणाऱ्या संघाकडे प्रशिक्षक का येईल?

'मी जिंकतो. गुगल करून पाहा.' डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे पत्रकारांनी कर्ट सिग्नेटी यांना विचारले होते, की नव्या खेळाडूंच्या गळी तुम्ही आपली योजना कशी उतरवता? साठी ओलांडलेल्या या गृहस्थांनी वरील उत्तर देऊन विषय संपवला. त्या दिवशी अनेकांना हा निव्वळ उद्दामपणा वाटला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. कारण सिग्नेटी ज्या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते, त्या इंडियाना विद्यापीठाच्या खात्यावर सातशेहून अधिक पराभव जमा होते. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील अन्य कोणत्याही विद्यापीठाला तोवर इतके पराभव पाहावे लागले नव्हते.

हा फुटबॉल अर्थातच आपला नव्हे. अंडाकृती चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा आणि अमेरिकेत शनिवारचा दिवस व्यापून टाकणारा हा खेळ तेथील विद्यापीठांच्या प्रतिष्ठेशी आणि तिजोरीशी इतका निगडित आहे, की बहुतेक राज्यांत सरकारी वेतनपटावरील सर्वाधिक पगारदार व्यक्ती राज्यपाल नसते, कुलगुरूही नसते. ती फुटबॉलची किंवा बास्केटबॉलची प्रशिक्षक असते. ज्यांची मुले शिक्षणासाठी मध्यपश्चिम अमेरिकेत गेली आहेत, अशा मराठी घरांतून या वेडाचे किस्से आताशा ऐकू येतात. प्रश्न असा, की ज्या विद्यापीठाचा संघ वर्षानुवर्षे हरतो आहे, त्याने चांगला प्रशिक्षक आणायचा कसा? ज्याच्यापाशी कर्तृत्व आहे त्याला अन्य दारे उघडी असतात, आणि ज्याला दारे उघडी नाहीत तो आणून उपयोग नसतो.

इंडियानाची अडचण तर दुहेरी होती. हे राज्य बास्केटबॉलचे. विद्यापीठाने त्या खेळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेली. फुटबॉल म्हणजे बास्केटबॉलचा हंगाम सुरू होईपर्यंतचा विरंगुळा. एका हंगामात दहा सामने या संघाने कधीच जिंकले नव्हते. हंगामोत्तर 'बाउल' लढतीतील अखेरचा विजय १९९१ मधील. टॉम अॅलन यांच्या कारकिर्दीत २०२० च्या करोनाग्रस्त हंगामात आठपैकी सहा सामने जिंकले, तेव्हा विद्यापीठाला वाटले, आता दिवस पालटले. अॅलन यांना घसघशीत नवा करार दिला गेला. पुढच्या तीन हंगामांत 'बिग टेन' या आपल्या गटातील सत्तावीसपैकी केवळ तीन सामने संघाने जिंकले.

येथे या व्यवसायातील एक चमत्कारिक रीत समजून घेतली पाहिजे. प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले, तर उर्वरित कराराची मोठी रक्कम त्याला द्यावी लागते. अॅलन यांना दूर करताना दोन कोटी डॉलरहून अधिक देणे निघत होते. वाटाघाटींनंतर ते एक कोटी ५५ लाखांवर आले आणि देणगीदारांनी ते उचलले. एका चांगल्या हंगामाच्या आनंदात केलेली सही किती महाग पडते, याचे हे उदाहरण. तथापि, याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. हरणाऱ्या संघाला दीर्घ मुदतीची हमी दिल्यावाचून प्रशिक्षक मिळतच नाही. ती हमी म्हणजे एका अर्थी जोखमीची किंमत असते आणि ती विद्यापीठ मोजते. प्रशिक्षक यशस्वी झाला तर अधिक पगारावर दुसरीकडे जातो, अपयशी ठरला तर भरपाई घेऊन जातो.

मग आमिष कशाचे दाखवायचे? अशा वेळी विद्यापीठांचे अधिकारी बहुधा दोन मार्गांनी जातात. पहिला घरच्या माणसाचा. नेब्रास्काने २०१७ च्या अखेरीस स्कॉट फ्रॉस्ट यांना आणले. वीस वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचे ते नायक, आणि सेंट्रल फ्लोरिडाचा संघ अपराजित ठेवून आलेले. राज्यभर दिवाळी झाली. त्यांची नोंद अखेर १६ विजय व ३१ पराभव अशी झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना काढताना विद्यापीठाने आणखी तीन आठवडेही कळ काढली नाही. एक ऑक्टोबरला भरपाईची रक्कम निम्मी होणार होती, तरी सुमारे दीड कोटी डॉलर मोजले. अगतिकतेचे याहून स्पष्ट मोजमाप सापडणार नाही.

दुसरा मार्ग वलयाचा. त्याच वर्षी बारापैकी अकरा सामने हरलेल्या कोलोरॅडोने डिऑन सँडर्स यांना बोलावले. पाच वर्षांच्या सुमारे तीन कोटी डॉलरच्या कराराचे पैसे अद्याप हाती नाहीत, पण ते येतील, असे तेथील क्रीडा संचालकांनीच उघडपणे सांगून टाकले! पैसे आले, तिकिटे संपली, दूरचित्रवाणीचे कॅमेरे डोंगरपायथ्याच्या बोल्डर गावी येऊन बसले. तिसऱ्या हंगामाचा हिशेब मात्र वेगळा आहे. सँडर्स यांचे चिरंजीव शेडूर आणि हाइजमन पारितोषिकविजेता ट्रॅव्हिस हंटर हे दोघे व्यावसायिक संघांत गेल्यानंतर २०२५ मध्ये कोलोरॅडोला बारापैकी तीनच सामने जिंकता आले. वलय प्रशिक्षकासोबत येते हे खरे, पण ते विद्यापीठाच्या मालकीचे होत नाही.

इंडियानाचे क्रीडा संचालक स्कॉट डॉल्सन यांनी यापैकी काहीच केले नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी अॅलन गेले आणि ३० तारखेला सिग्नेटी यांचे नाव जाहीर झाले. ही घाई अकारण नव्हती. विद्यापीठे बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठीचे 'ट्रान्स्फर पोर्टल' त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडणार होते आणि त्याच महिन्यात शालेय खेळाडूंच्या सह्या होणार होत्या. त्या काळात ज्या संघाला प्रशिक्षक नाही, त्याचे निम्मे घर रिकामे होते.

निवडलेला माणूस कोण होता? वडील फ्रँक हे नावाजलेले प्रशिक्षक. स्वतः कर्ट यांनी अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली चार वर्षे काढली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०११ मध्ये, ती मानाची नोकरी सोडून पेनसिल्व्हेनियातील एका दुय्यम श्रेणीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद पत्करले. पगार कमी झाला, प्रकाशझोत गेला. पुढे इलॉन, त्यानंतर जेम्स मॅडिसन. या अखेरच्या ठिकाणी पाच हंगामांत ५२ विजय आणि नऊ पराभव. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही हंगामात त्यांचे पराभव विजयांहून अधिक झाले नव्हते. एवढे असूनही बड्या विद्यापीठांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. वय जास्त, नाव लहान. हरणाऱ्या संघाची खरी संधी येथेच असते, असे मला वाटते. बाजाराने ज्याची किंमत चुकीची लावली आहे, असा माणूस शोधण्याची. इंडियानाने त्यांना देऊ केलेले वार्षिक सुमारे ४० लाख डॉलर हे काढून टाकलेल्या अॅलन यांच्या वेतनाहूनही कमी होते.

त्यांना तेथे जाण्यात काय दिसले, हेही पाहिले पाहिजे. जेम्स मॅडिसनचा संघ वरच्या श्रेणीत नुकताच आला होता. संक्रमणकाळाच्या नियमांमुळे गटाच्या विजेतेपदासाठी खेळण्याचीही त्याला मुभा नव्हती. अकरा सामने जिंकूनही पुढे भिंत होती. इंडियाना हरत होते, पण ते 'बिग टेन'मध्ये हरत होते. या गटाने २०२२ मध्ये दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला, आणि त्यात ओहायो स्टेटइतकाच वाटा इंडियानाला मिळतो. थोडक्यात, घर पडके, पण जागा मोक्याची. त्यात २०२१ नंतर नियम पालटले. खेळाडूला एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलता येऊ लागले आणि स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येऊ लागले. पूर्वी नव्या प्रशिक्षकाला शाळांतून मुले गोळा करून संघ घडवायला चार वर्षे लागत. आता तो आपला संघच सोबत आणू शकतो. सिग्नेटी यांच्यापाठोपाठ जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आले, आक्रमणाचे आणि बचावाचे सूत्रधार असलेले सहायक प्रशिक्षकही आले. 'गुगल करा' हे वाक्य खरे तर या मंडळींच्या जोरावर उच्चारलेले होते.

पुढचा इतिहास आता सर्वश्रुत आहे. २०२४ मध्ये अकरा विजय आणि राष्ट्रीय बाद फेरीत प्रवेश. २०२५ मध्ये ओहायो स्टेटला १३-१० असे नमवून गटविजेतेपद, १ जानेवारी २०२६ रोजी रोझ बाउलमध्ये सिग्नेटींच्या जुन्या अलाबामावर ३८-३ असा विजय आणि १९ जानेवारीला मायामीला हरवून सोळापैकी सोळा सामने जिंकत राष्ट्रीय अजिंक्यपद. कॅलिफोर्नियाहून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हाइजमन पारितोषिकाचा मानकरी ठरला.

विजयाच्या या घोषात एक गोष्ट विसरली जाऊ नये. जून २०२५ मध्ये इंडियाना राज्याच्या नव्या कायद्याने पदवीधरांच्या किमान संख्येची अट घातल्यामुळे ब्लूमिंग्टनच्या याच आवारातील शंभराहून अधिक अभ्यासक्रम बंद वा विलीन करण्याचे ठरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सिग्नेटी यांना सरासरी एक कोटी १६ लाख डॉलर वार्षिक मोबदल्याचा आठ वर्षांचा करार मिळाला. ज्या कुलाध्यक्ष पामेला व्हिटन यांनी फुटबॉलला पाठबळ दिले, त्यांच्याविरुद्ध एप्रिल २०२४ मध्ये प्राध्यापकांनी प्रचंड बहुमताने अविश्वास व्यक्त केला होता. त्याची कारणे निराळी होती, हे नमूद करायला हवे. क्रीडा विभागाचा पैसा दूरचित्रवाणीतून, तिकिटांतून आणि देणग्यांतून येतो. तो भाषांच्या वा कलेच्या विभागातून उचललेला नसतो, हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण देणगीदार तोच असतो, आणि अॅलन यांच्या निरोपासाठी ज्यांनी दीड कोटी डॉलर काढून दिले, त्यांना ते एखाद्या अध्यासनासाठीही देता आले असते. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठांना खेळाडूंनाही थेट वाटा देता येतो. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर इतकी होती. मैदानावर डोके आपटून घेणाऱ्या मुलांना त्यांचे पैसे मिळू लागले, हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे प्रशिक्षकाच्या मागण्यांत आणखी एका रकान्याची भर पडली. आता तो स्वतःच्या पगाराआधी विचारतो, खेळाडूंसाठी किती ठेवले आहेत?

ऑक्टोबरमधील त्या कराराच्या तारखेकडेही पाहावे. चारच दिवस आधी पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढले होते, करारानुसार सुमारे चार कोटी ९० लाख डॉलर देणे अंगावर घेऊन. सिग्नेटी मूळचे पेनसिल्व्हेनियाचे. ते तिकडे जातील या चर्चेने जोर धरण्यापूर्वीच ब्लूमिंग्टनने सही घेतली. प्रशिक्षक मिळवण्याहून तो टिकवणे महाग, हे दोन वर्षांत चाळीस लाखांवरून सव्वा कोटीच्या घरात पोचलेला आकडाच सांगतो.

आणि ज्या लहान विद्यापीठातून सिग्नेटी उचलले गेले, त्याचे काय झाले? जेम्स मॅडिसनने बॉब चेस्नी यांना आणले. त्यांनीही संघाला २०२५ च्या राष्ट्रीय बाद फेरीत नेले आणि त्याच महिन्यात लॉस एंजलिसच्या यूसीएलएची वाट धरली. तोही हरणारा आणि 'बिग टेन'मधलाच संघ. चेस्नी यांच्या जागी आले बिली नेपियर. त्यांना ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाने काढले होते, सुमारे दोन कोटी डॉलरची भरपाई देऊन.