दाताला चिठ्ठी हवी

समजा, पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या प्रदर्शनात तळहाताएवढा, करवतीसारख्या कडांचा दात मांडला आहे. शेजारी चिठ्ठी आहे : 'मेगॅलोडॉन या प्रचंड शार्कचा दात. सापडल्याचे ठिकाण : सिंहगडाचा कातळ.' तुम्ही विश्वास ठेवाल?

ठेवू नका. सिंहगडाचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर. मेगॅलोडॉन समुद्रात वावरला तो साधारण २ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे हा कातळ थिजल्यावर कोट्यवधी वर्षांनी तो जन्मला! त्याचा दात हवा तर त्या काळी समुद्रात साचलेल्या गाळाचे खडक शोधले पाहिजेत. असे खडक कच्छमध्ये आहेत, ओडिशातील बारिपदाजवळ आहेत. तेथे प्राचीन शार्कचे दात मिळालेही आहेत.

पाहा, चिठ्ठीवर ठिकाण होते म्हणून तर आपल्याला चूक पकडता आली. चिठ्ठीच नसती तर?

शार्कचा सांगाडा हाडांचा नसतो, कूर्चेचा असतो. ती सहसा कुजून जाते. दात मात्र कठीण. शिवाय ते जन्मभर पडतात आणि नवे येत राहतात. म्हणून मेगॅलोडॉनचे आपल्या हाती आले ते मुख्यतः दात आणि थोडे मणके. सर्वांत मोठे दात सुमारे १७ सेंटिमीटरचे. एवढ्या पुराव्यावरून त्याची लांबी कोणी १५ मीटर सांगतो, कोणी २० मीटरच्याही पुढे जातो. पुरावा इतका तुटपुंजा असताना त्याची नोंद तरी चोख नको का?

असे दात पूर्वी युरोपात सापांच्या दगड झालेल्या जिभा समजले जात. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे स्टेनो याने एका मोठ्या शार्कचे डोके कापून पाहिले आणि त्या 'जिभा' दातच आहेत हे ओळखले. पण मग समुद्रातल्या माशाचे दात डोंगरातल्या खडकात कसे? या प्रश्नाचा माग काढता काढता १६६९ साली त्याने खडकांच्या थरांचे नियम मांडले. नुसत्या दातातून हा प्रश्न उठला नसता. दात कुठे सापडला, यातून तो उठला.

आज असे दात विकत मिळतात, त्यांच्या हुबेहूब नकलाही मिळतात. ते पाहायला छान वाटतात. पण ठिकाण आणि थर ठाऊक नसेल तर तो दात मुका झाला असे समजा. शिक्षकांनाही माझे सांगणे आहे, की महागडा मुका दात विकत घेण्यापेक्षा मुलांनी आणलेला साधा दगड कपाटात ठेवा; मात्र त्याला ठिकाण, तारीख, थर आणि आणणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावा.

आणि शार्क नाही म्हणून पुणेकर मुलांनी हिरमुसू नये. घोड आणि गोदावरी नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात प्राचीन प्राण्यांची हाडे मिळाली आहेत. तुम्हांला असे हाड दिसले तर उपसू नका. जागेवरच छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि शिक्षकांमार्फत डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतील अभ्यासकांना कळवा. उपसलेले हाड पुन्हा थरात बसवता येत नाही.