लाल डगल्याआधी पगार

मराठी फौज म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घोडेस्वारच येतो. महादजी शिंद्यांची लाल डगलेवाली पायदळ पलटण पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकली जाते, आणि तीही ‘फिरंगी पद्धतीची कवायती फौज’ एवढ्या शेऱ्यावर.

सव्हॉयच्या शांबेरी गावचा बेन्वा द बॉइन्य १७८४ मध्ये शिंद्यांच्या चाकरीत आला आणि दोन पलटणींपासून त्याने सुरुवात केली. पुढे साधारण दहा पलटणींचा एक कंपू, असे तीन कंपू उभे राहिले. त्यांतले तिलंगे शिपाई लाल डगला घालत, संगिनीची बंदूक बाळगत आणि इंग्रजी हुकमांवर पावले टाकत. नजीब शिपाई मात्र देशी पोशाखातच लढत. प्रत्येक पलटणीसोबत स्वतःच्या तोफा असत. १७९० च्या सप्टेंबरात मेडत्याला राठोडांचे घोडदळ पलटणींवर तुटून पडले, तेव्हा शिपायांनी पोकळ चौकोन रचला आणि तो मोडला नाही.

ही शिस्त डगल्यातून आली नव्हती. द बॉइन्यने पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून घेतला होता, त्यामुळे शिपायाला वेळेवर पैसे मिळत. जखमी झाल्यास जखमेच्या मानाने बक्षीस मिळे आणि उपचार चालू असतानाही पगार कापला जात नसे. कायमचा जायबंदी झालेल्याला निम्मे वेतन जन्मभर मिळे.

उलट उदाहरण पुण्यातच आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करत. पेशव्याच्या खुनाचा कट दुसऱ्यांचा होता, पण थकबाकीने त्याला निमित्त आणि माणसे दोन्ही पुरवली.

कंपूची खरी उणीव वरच्या फळीत होती. हुकूम देणारे बहुतेक युरोपीय होते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच त्यातले अनेक जण नोकरी सोडून गेले आणि द बॉइन्यनंतरचा सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तरीही १ नोव्हेंबरला लासवारीच्या लढाईत उरलेले शिपाई असे झुंजले की इंग्रजांच्या जनरल लेकने आपल्या पत्रात त्यांच्या शौर्याची कबुली दिली.

म्हणून ‘परक्यांची नक्कल केली आणि बुडालो’ हा लाडका निष्कर्ष चुकीचा आहे. घेतलेली व्यवस्था चोख होती. ती चालवणारे आपले अधिकारी मात्र शिंद्यांनी तयार केले नाहीत. पाठ्यपुस्तकाने गनिमी काव्याशेजारी कंपूलाही एक पान द्यावे, आणि त्यात डगल्याच्या चित्राआधी पगाराची व्यवस्था सांगावी.