भर समुद्रातली बिनतारी

समुद्रपर्यटनाच्या जाहिरातीत निळे पाणी असते, डेकवरचा तलाव असतो, रात्रीच्या जेवणाची आरास असते. आणि हल्ली एका कोपऱ्यात ‘वेगवान वाय-फाय’ हे शब्दही असतात. आपल्याकडे हा प्रवास नवलाचा राहिलेला नाही. २०२१ पासून कॉर्डेलियाची जहाजे मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाऊ लागली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीत चढणारा चाकरमानी सुखरूप पोचला की नाही, हे घरच्यांना पत्र आल्यावरच कळे. त्याची नातवंडे किनारा दिसेनासा झाला की अर्ध्या तासात फोन उंच धरून डेकवर फिरू लागतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. घरी म्हातारे आईवडील असतात, मुलीचा निकाल लागायचा असतो, बँकेचा ओटीपी यायचा असतो.

किनाऱ्यावरच्या मोबाइल मनोऱ्याची हद्द काही मैलांतच संपते. त्यापुढे जहाजाला आकाशाकडेच पाहावे लागते. अनेक वर्षे ही भिस्त विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहांवर होती. आपला प्रश्न वर जाणार, खाली जमिनीवरच्या केंद्रात येणार. उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. हा चार फेऱ्यांचा प्रवास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा होतो आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. अर्धा सेकंद ही किरकोळ बाब वाटेल. पण एक पान उघडताना अशी देवाणघेवाण अनेकदा होते, आणि बोलताना तर दोघे एकदम बोलतात आणि एकदम गप्प बसतात. शिवाय नॉर्वे किंवा अलास्काच्या खाड्यांत हा उपग्रह क्षितिजाला टेकलेला असतो. मधे डोंगर आला की संबंध तुटला.

२०१४ मध्ये रॉयल कॅरिबियनच्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ने सुमारे ८,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांची सेवा घेतली. खरा पालट झाला तो २०२२ मध्ये. त्याच कंपनीने आपल्या सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवण्याचे जाहीर केले आणि इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. हे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराहूनही जवळ. व्हिडिओवर नातवाचे बारसे पाहणे आता समुद्रातून शक्य आहे.

मग तक्रारी का थांबत नाहीत? ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर कमाल ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी असतात. हे दहा हजार वस्तीचे गाव झाले आणि तेही आकाशातून येणाऱ्या एकाच नळावर. संध्याकाळी सातला सगळ्यांनी तोट्या उघडल्या की धार बारीक होणारच. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यात जहाज म्हणजे पोलादी पेट्यांची रास. खोलीचे दार लावले की बोळातल्या यंत्राची लहर अडते. छतावर उत्तम सेवा आणि खोलीत रडगाणे, हा अनुभव म्हणूनच येतो. काही देशांच्या हद्दीत परवान्याअभावी उपग्रहसेवा बंदही ठेवावी लागते.

दर हा आणखी एक भाग. पूर्वी मिनिटाला पाऊण डॉलरच्या आसपास आकारणी होई; पान उघडेपर्यंत दोन डॉलर जात. आता दिवसाचा ठोक दर असतो. मोठ्या परदेशी जहाजांवर तो वीस डॉलर किंवा त्याहून अधिक आणि तोही सहसा दर उपकरणामागे. चौघांच्या कुटुंबाने चार फोनांचे पैसे भरण्यापेक्षा एकच जोडणी घेऊन आळीपाळीने वापरावी, हे शहाणपणाचे. आणि जहाजावर पाऊल ठेवताच फोन विमान-अवस्थेत टाकून मग वाय-फाय चालू करावे. जहाजाचे स्वतःचे मोबाइल जाळे असते. ते फोनला हळूच पकडते आणि रोमिंगचे बिल घरी आल्यावर कळते.

प्रवाशांच्या हौसेचा भार कुठवर जातो, याचा धडा जुना आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’चा बिनतारी चालक जॅक फिलिप्स साचलेले खासगी संदेश केप रेसच्या केंद्राकडे पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ने बर्फात अडकल्याचे कळवू पाहिले, तेव्हा त्याने त्या चालकाला गप्प केले. फिलिप्स मार्कोनी कंपनीचा नोकर होता आणि प्रवाशांचे संदेश हे त्या कंपनीचे उत्पन्न होते. म्हणून त्या एका माणसावर सगळा दोष टाकणे मला रास्त वाटत नाही.

प्रवाशाची गैरसोय आठवड्याची. कर्मचाऱ्याची सहा-आठ महिन्यांची. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांचा कर्ता अशा जहाजांच्या स्वयंपाकघरात, खोल्यांच्या साफसफाईत किंवा इंजिनाशी असतो. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईसमोर येऊनही दिवसेंदिवस उतरू शकले नव्हते. गाव डोळ्यांसमोर आणि आधार फक्त फोनचा, अशी ती अवस्था. त्याच वर्षी जुलैत ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. जहाज किनाऱ्याजवळ नेले गेले होते ते मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून, असे जपानच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघाले. जहाजावर घरी बोलण्याची धड सोय नसणे किती महाग पडते, याचा याहून बोलका पुरावा कुठे शोधायचा?

दर्यावर्दी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून त्या अमलात आल्या. आप्तांशी संपर्काची सोय ही आता जहाजावरच्या सुविधांत गणली जाते. भारतही या करारात आहे. पण इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे तो मार्गदर्शक भागात: मालकाने ‘व्यवहार्य असेल तितपत’ ते द्यावे आणि आकार घेतलाच तर तो ‘वाजवी’ असावा. वाजवी म्हणजे किती, हे त्यात लिहिलेले नाही. अंमलबजावणीची पहिली जबाबदारी ज्या देशाचा झेंडा जहाजावर असेल त्याची आणि प्रवासी जहाजांचे झेंडे बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांचे. रत्नागिरीचा किंवा मडगावचा मुलगा खालच्या मजल्यावरच्या खोलीतून घरी फोन लावतो, तेव्हा त्याच्या पगारातून किती कापले जावे, हे तूर्त तरी बव्हंशी त्याची कंपनीच ठरवते.