स्वस्त आणि बनावट

बनावट मालाविषयी बोलताना बड्या ब्रँडचा बुडालेला नफाच पुढे येतो. खरी झळ रुग्णांना बसते. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांपैकी सुमारे एक औषधी उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७चा अंदाज आहे. औषधाचा जेमतेम अंश असलेली मलेरियाची गोळी रुग्णाला बरे करत नाही, जंतूंना मात्र औषधाला दाद न देण्याची सवय लावते. ‘गरिबाला निदान स्वस्तात तरी मिळते’ हा बचाव इथेच कोसळतो. तरीही कारवाईच्या नावाखाली जेनेरिक औषधे भरडली जाऊ नयेत. २००८मध्ये नेदरलँड्समध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली अस्सल जेनेरिक औषधे पेटंटच्या कारणावरून अडवली गेली. पेटंटचा वाद वेगळा, फसवणूक वेगळी. तपासणी कडक हवीच. पण अस्सल औषध परवडले, तरच नकलीचे गिऱ्हाईक तुटेल.