चकवा कुणाला लागतो?



दिवस मावळला की पोरांना घरात बोलावण्यासाठी आपल्या वाशीम भागात अजूनही चकव्याचे नाव घेतले जाते. चकवा दिसत नाही, तो वाट चुकवतो. रात्री वावरातून येणारा माणूस एकाच धुऱ्याभोवती फिरत राहतो आणि उजाडल्यावर पाहतो तर निघाला तिथेच उभा!

बी. कॉम.ला असताना आम्हीही हे अनुभवले. अवसेची रात्र. शेवटच्या एस.टी.ने उतरलो, तुरीच्या वावरातून जवळची वाट धरली आणि तीनदा त्याच बाभळीपाशी आलो. घाम फुटला. तेव्हा आजीचे बोल आठवले, "बाबू, चकवा लागला तं चालू नको, एका जागी बसून राय." बसलो. तांबडे फुटले तेव्हा गाव हाकेच्या अंतरावर होते.

पुढे २००९ साली जर्मनीतील मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी माणसांना जंगलात व वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळू लागली. काहीजण फिरून आपल्याच वाटेवर आले, पण त्यांना पत्ताही नव्हता. डोळ्यांना खूण नसली की पावलोपावली अंदाज थोडा थोडा चुकतो. म्हणजे आजीचा उपाय खरा होता. वाट चुकवणारा मात्र चकवा नव्हता, अंधार होता.

ही भीती काही आपलीच नाही. माणूस मेल्यावर त्याची एक सावली मागे राहते आणि घुबडाचा, कोल्ह्याचा आवाज काढून भिवविते, अशी समजूत अमेरिकेतील चोक्टॉ आदिवासींतही सांगितली गेली आहे.

आता आपली हडळ पाहा. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते म्हणतात. मुंज झालेला पोर लग्नाआधी मेला तर मुंजा होतो. भुतांच्या गोष्टीतही जात आणि बाईपण सुटत नाही! रक्तस्रावाने गेलेल्या बाईला वेळेवर दवाखान्यात नेले नाही, आणि मेल्यावर भ्यायलो मात्र तिलाच.

गोष्ट सांगायला आमची हरकत नाही. पण घरातल्या सुनेला झटके येतात, ती एकटीच बोलते, आणि आपण "बाहेरचे आहे" म्हणून तिला मांत्रिकाकडे नेतो, तिथे गोष्ट संपते आणि गुन्हा सुरू होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र घालणे, याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे.

बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात आत्म्यालाच जागा नाही, मग भटकणारे भूत कुठून येणार? तेव्हा मायबहिणींनो, चकव्याची गोष्ट पोरांना जरूर सांगा, पण शेवटी अंधाराचीही सांगा. आणि सुनेला झटका आला तर गाडी दवाखान्याकडेच वळवा.

जय भीम!