पॉइंट की पैसे? आधी जीएसटी बघा

सुरतेच्या रिंग रोडवर कापड खरेदीला येणारे खानदेशातले अनेक व्यापारी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरतात; तिथे पॉइंटांचा प्रश्न येत नाही. पण मुक्काम अठवालाइन्सच्या मॅरियटमध्ये किंवा हजिरा रोडच्या कोर्टयार्डमध्ये असेल, तर या दोन्ही हॉटेलांच्या मॅरियट बॉनवॉय सदस्य योजनेत साठलेले पॉइंट वापरायचे की पैसे भरायचे, हे ठरवावे लागते. भाड्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागून एका पॉइंटाची किंमत काढा, हा नेहमीचा सल्ला बरोबरच आहे. मात्र भाडे करासह धरायचे की कराशिवाय, याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे आहे.

समजा, खोली ८,००० रुपयांची आहे किंवा १५,००० पॉइंटांत मिळते. भाडे ७,५०० रुपयांच्या वर असल्याने १८ टक्के जीएसटी लागून बिल ९,४४० रुपये होते. जीएसटी कायद्यात मुक्कामाच्या सेवेचे ठिकाण हॉटेल असते तेच धरतात, म्हणून इथे केंद्राचा आणि गुजरातचा कर लागतो. सुरतेत नोंदणी असलेली पेढी कामासाठीच्या मुक्कामाचा हा कर इनपुट क्रेडिटमध्ये वळता करून घेऊ शकते. तिच्या लेखी पॉइंट ५३ पैशांचा. फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या धुळ्याच्या पेढीला ते क्रेडिट मिळत नाही. तिच्यासाठी तोच पॉइंट जवळजवळ ६३ पैशांचा ठरतो. त्यामुळे त्याच रात्री सुरतकराने पैसे भरणे आणि धुळेकराने पॉइंट वापरणे, दोन्ही शहाणपणाचे असू शकते. खासगी सहलीत क्रेडिट कुणालाच नाही. तिथे सर्वांनीच करासह रक्कम धरावी. भाडे ७,५०० किंवा त्याहून कमी असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्केच असल्याने हा फरक बराच घटतो.

कुणी म्हणेल, पॉइंट मोठ्या सहलीसाठी राखावेत. सहल ठरलेली असेल तर जरूर राखावेत. पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्यास एक रात्र मोफतही मिळते. पण नुसते साठवणे धोक्याचे आहे. बॉनवॉयने २०२२ मध्ये पॉइंटांचे ठरलेले तक्ते सोडले. आता एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे कंपनी ठरवते. शिवाय खाते २४ महिने निष्क्रिय राहिले तर पॉइंट बुडतात. ज्यावर व्याज मिळत नाही आणि ज्याचा भाव दुसऱ्याच्या हाती आहे, त्याला बचत मानू नये. क्रेडिट न मिळणाऱ्या महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याने भाडे चढलेल्या रात्री पॉइंट निःसंकोच वापरावेत.